प्रवासाला निघताना मूठभर माती

वाचकहो, आरंभीच एक प्रश्न विचारतो, रागावू नका. गेल्या वर्षभरात आपण गावाबाहेर किती वेळा गेलात, आणि त्यातल्या किती वेळा नुसते बघायला म्हणून गेलात?

बाजाराला गेलात ते धरू नका. दवाखान्याला, तहसील कचेरीत, कोर्टाच्या तारखेला, लग्नाला, मयताला, मुलाच्या कॉलेजच्या प्रवेशाला गेलात तेही बाजूला ठेवा. आता हाताशी काय उरले? बहुतेकांच्या पदरी पूज्य येईल. घरातल्या बायकांना हा प्रश्न विचाराल तर त्या उत्तरच देणार नाहीत, नुसत्या हसतील. माझी आई हसायची. तिच्या लेखी प्रवास दोनच, सासरहून माहेर आणि माहेराहून सासर. दोन्ही गावे एकाच ओढ्याच्या दोन काठांवर. मध्ये सात मैलांची वाट.

मी माणदेशातला. आमच्याकडे वर्षाचा पाऊस अठरा-वीस इंच, तोही मनात आले तर. राहुरीच्या विद्यापीठातून बी.एस्सी. (कृषी) झालो, १९९३ साली शेती खात्यात लागलो, आणि तेव्हापासून इतरांना शेती कशी करावी हे सांगत हिंडतो आहे. नोकरीत हिंडणे भरपूर झाले. पण प्रवास म्हणजे काय, हे मला माझ्या वडिलांकडून थोडे आणि एका शेतकऱ्याच्या नुकसानीतून पुष्कळ शिकावे लागले. तेच आज सांगायचे आहे.

वडील माळकरी. बाजरीची पेरणी उरकली की आळंदी गाठायची आणि माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर, हा त्यांचा नेम. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर ही नावे आम्हा मुलांना त्यांच्या तोंडून पाठ झाली होती. परत आले की बुक्का, चुरमुरे, बत्तासे यायचे, आणि रात्री अंगणात वारीच्या गोष्टी निघायच्या. त्यात विठ्ठल असायचाच. पण निम्म्या गोष्टी पिकांच्या असत. पुरंदरात अंजिराची झाडे कशी छाटतात, नीरेच्या पाण्यावर ऊस कसा उभा आहे, अमक्या गावात बैलांना पेंड कोणती घालतात. मुक्कामाच्या गावी पंगत उठली की वडील घरधन्याबरोबर त्याच्या रानात जायचे. चालणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही. दोन्ही बाजूंची शेते त्याच्या डोळ्यांसमोरून हळूहळू सरकतात आणि बांधावर कोणी उभा असेल तर चार शब्द बोलणे होतेच.

एका वर्षी सासवडच्या मुक्कामात एका माळकऱ्याने त्यांना घेवड्याचे बी दिले. उपरण्याच्या गाठीत बांधून ते पंढरपूरपर्यंत गेले आणि तिथून आमच्या घरी आले. पुढे वीस-बावीस वर्षे आमच्या कुंपणावर तो वेल होता. 'सासवडचा घेवडा' असेच त्याला घरात म्हणत. आईने ते बी निम्म्या गावाला वाटले. ती स्वतः सासवडला कधी गेली नाही.

आता माझ्या नोकरीतल्या प्रवासाचे ऐका.

शेतकरी सहल हा आमच्या खात्याचा जुना कार्यक्रम. चाळीस-पन्नास शेतकरी, एक गाडी, पुढे कापडी फलक. पहाटे नारळ फोडायचा, फलकासमोर फोटो काढायचा आणि निघायचे. दोन दिवसांत विद्यापीठ, साखर कारखाना, द्राक्षबाग, दूध संघ, एखादे आदर्श गाव, आणि वाटेत देवदर्शन, कारण देवदर्शन नसेल तर घरचे सोडत नाहीत. ठिकाणे जितकी जास्त तितकी सहल चांगली, असा आमचा हिशोब. वरच्या कागदावर 'भेट दिलेली स्थळे' असा रकाना असतो. तो भरलेला दिसावा लागतो. मी हा रकाना फार छान भरत असे.

२००४ च्या हिवाळ्यात अशीच एक सहल मी सांगोल्याकडे नेली. त्याआधीची दोन-तीन वर्षे दुष्काळाने लोक पार पिचून गेले होते. कमी पाण्यावर पैसा देणारे पीक कोणते, एवढाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता. सांगोल्याच्या माळावर डाळिंबाच्या बागा फळांनी वाकल्या होत्या. आमच्याच माणगंगेच्या खोऱ्यातला हा मुलूख, आमच्यासारखाच कोरडा. म्हणजे हे आपल्यालाही जमणार! गाडीतली माणसे बाग पाहून हरखून गेली. बागाईतदाराने नवा बंगला बांधला होता. खरे सांगायचे तर लोकांनी झाडांपेक्षा बंगलाच जास्त पाहिला.

आमच्या गाडीत एक तात्या होते. ओढ्याकाठची पाच एकर जमीन, मनुष्य शांत, दहा बोलण्यांत एक शब्द बोलणारा. सगळे चहाकडे वळले तेव्हा तात्या एका झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसून काठीने माती उकरत होते. मी लांबून हाक मारली, "तात्या, चला आता! अजून दोन ठिकाणं व्हायचीत." ते म्हणाले, "साहेब, जरा थांबा, खाली काय हाय ते बगतो." मी घड्याळ दाखवले. तात्या उठले, हात झटकले आणि गाडीत बसले.

पुढच्या पावसाळ्यात तात्यांनी दोन एकरांत सहाशे डाळिंबे लावली. सोसायटीचे कर्ज झाले, ठिबकला पैसे कमी पडले तेव्हा काकींचे डोरले गहाण पडले. सरकारी माणूस म्हणून मीच लागवडीला नारळ फोडायला गेलो होतो. त्यांचे रान काळे भारी, ओढ्याकाठचे, पाऊस झाला की चिकटून बसणारे. मला ते दिसत होते. पण सांगोल्याची बाग माझ्याही डोळ्यांवरून उतरली नव्हती. शिवाय रोपे स्वस्तात मिळाली म्हणून कुठून कुठून आणलेली. उन्हाळ्यात पाणी नसल्याने धरायचा तो मृग बहारच धरावा लागला.

ज्यांच्या घरी डाळिंब आहे त्यांना पुढचे सांगायला नको. त्या वर्षांत तेल्या रोगाने महाराष्ट्रभर बागा बसवल्या. हा रोग जिवाणूंचा. रोगट झाडाच्या कलमातून येतो, पावसाच्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर झाडाझाडांवर पसरतो. ढगाळ, दमट हवेत तर त्याला आवरच राहत नाही. मृग बहाराला म्हणूनच त्याचा मार सर्वांत मोठा. तात्यांच्या फळांवर २००७ च्या पावसाळ्यात तेलकट डाग पडले आणि फळे उलून बुडाशी सडा पडला. पुढच्या वर्षीही तेच झाले. खाली पाणी साचून मुळेही कुजत होती. तिसऱ्या वर्षी त्यांनी बैल लावून झाडे उपटली.

मी त्यांच्या बांधाला जवळजवळ वर्षभर गेलो नाही. दुसऱ्या वाटेने जायचो. शेवटी एकदा बाजारात समोरासमोर गाठ पडलीच. मी काहीबाही हवामानाचे बोलू लागलो. तात्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तवा मला अर्धा तास द्यायला पायजे हुता तुमी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाव सांगावा तसे सांगितले आणि पिशवी उचलून गेले.

वाचकहो, त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते चार वर्षांच्या पदवीत नव्हते. पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या शेतात गेलो की आपल्याला पीक दिसते, पिकाखालची जमीन दिसत नाही. बंगला दिसतो, तो बांधण्याआधी बुडालेली दोन वर्षे दिसत नाहीत. फळाचा दिवस दिसतो, रात्री दीडला मोटर चालू करायला उठणारे माणूस दिसत नाही. हे सारे दिसायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देणे हेच आम्ही सहलीतून काढून टाकले होते.

तात्यांनी पुढे काय केले? दुसरा कोणी असता तर 'गेलो आणि फसलो, आता गाव सोडणार नाही' म्हणून घरी बसला असता. हे गृहस्थ २०११ साली दिवाळीनंतर एकटे, एसटीने, भाकरी बांधून पुन्हा सांगोल्याला गेले. त्याच बागाईतदाराकडे. जाताना धोतराच्या जुन्या तुकड्यात दोन पुरचुंड्या बांधून नेल्या: एकीत ओढ्याकाठची काळी माती, दुसरीत वरच्या माळावरचा मुरूम. दोन दिवस त्या घरी राहिले, गड्यांबरोबर काम केले. बागाईतदाराने काळी माती ओंजळीत घेऊन पाणी घातले आणि मळली. कणकेसारखा गोळा झाला. तो म्हणाला, "पावणं, हिच्यात दोन पाऊस पडलं की आठ दिवस पानी हलायचं न्हाई. डाळिंबाला पाय भिजल्यालं चालत न्हाईत." मग मुरुमाची पुरचुंडी सोडली. तो विस्कटून पाहिला आणि म्हणाला, "ही का न्हाई लावली?"

तात्या परत आल्यावर प्रथम माझ्याकडे आले. म्हणाले, "त्या मानसाला इचारलं, पयल्यांदा आलो तवा का न्हाई सांगितलं? तर म्हनला, तुमी इचारलंच कुटं? तुमी तर गाडीत बसला."

आज त्यांच्या माळावर अर्ध्या एकरात डाळिंब आहे. खात्रीची कलमे, बहार बदललेला, छाटणीची कात्री प्रत्येक झाडाला औषधात बुडवून. फार नाही, पण घरखर्चाला हातभार लावते. काळ्या रानात पूर्वीसारखी ज्वारी येते.

त्यानंतर सहल काढायची ती वेगळ्या तऱ्हेने, असे मी ठरवले. 'आत्मा' योजनेतून शेतकऱ्यांच्या दौऱ्याला पैसे मिळतात, त्यात महिलांचे गटही बसतात. २०१५ च्या एप्रिलात अडतीस बायकांची गाडी काढली. ठिकाणे पाच नव्हे, दोनच: दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि हर्णैचा समुद्र. ड्रायव्हरला सांगून ठेवले, वाटेत कोणीही 'थांबा' म्हणाले की थांबायचे. या अटीने त्याचा जीव मेटाकुटीला आला, ते सोडा.

पण त्याआधी बायकांना घराबाहेर काढणे हे किती अवघड काम आहे ते मला तेव्हा कळले. दोन दिवस! भाकरी कोण करणार, पोरांचे डबे, सासूची गोळी, आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, धार कोण काढणार? तात्यांच्या काकींचे नाव यादीत होते. त्यांची म्हैस काकींशिवाय कोणाला हात लावू द्यायची नाही. तात्या म्हणाले, "मी काकीचं लुगडं नेसतो आन् काढतो." चेष्टा वाटली, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी खरेच डोक्यावरून काकींचे जुनेर घेऊन धार काढली म्हणतात. म्हशीने मानले की नाही याबद्दल गावात दोन मते आहेत.

पहाटे साडेचारला गाडी निघाली. सातारा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता. गादीवाफ्यांवर प्लॅस्टिकचा कागद पाहून पहिले 'थांबा' झाले. पुरुषांनी इथे एकरी उत्पन्न विचारले असते. बायकांनी विचारले, "हा कागद घातल्यावर खुरपण किती कमी होतं?" खुरपणाचा खर्च जिच्या कमरेवर पडतो तिलाच हा प्रश्न सुचतो. माझ्या आधीच्या कुठल्याही सहलीत तो कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचे हे उगमस्थान म्हणून लोक ओंजळ भरतात. मी त्यांना सांगितले, यातली सावित्री पश्चिमेला उतरून कोकणातून अरबी समुद्राला मिळते, आणि कृष्णा पूर्वेला सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. एक म्हातारी म्हणाली, "एका पोटच्या दोघी, एक हिकडं दिली, एक तिकडं." नंतर त्या थोडा वेळ तिथेच पायरीवर बसून राहिल्या. मी घड्याळ पाहिले नाही.

याच महाबळेश्वरात वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सव्वादोनशे इंचांवर. आमच्या गावापासून हे ठिकाण दीडशे किलोमीटरही नाही. माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात, आणि पावसात दहापटीहून अधिक फरक. सह्याद्रीची भिंत ढगांना अडवते, ते इथे रिते होतात, आणि आमच्यापर्यंत येतो तो वारा. हे मी पुस्तकात शिकलो होतो. काकींनी ते घाटमाथ्यावर उभे राहून पाहिले आणि म्हणाल्या, "म्हंजी पावसाची समदी पंगत हितंच उठती."

आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून खेड, आणि मग दापोलीची वळणे. लाल माती, जांभा दगड, आंबा, काजू. झाडे इतकी की आमच्या बायका गप्पच झाल्या. दुपारच्या उन्हात एका वाडीजवळ दोन बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढण चढत होत्या. मागून ओरडा आला, "थांबा!"

गाडी थांबली. काकी उतरल्या, त्यांच्यामागे सगळ्याच. पुढचा पाऊण तास रस्त्याच्या कडेला जे बोलणे झाले ते मी बाजूला उभे राहून ऐकले. विहीर आटली आहे, खालच्या पऱ्ह्यात झरा आहे तिथून पाणी आणावे लागते, रोजच्या चार खेपा. काकींना हे पटेना. "तुमच्याकडं पाऊस किती?" त्या म्हणाल्या, जूनपासून चार महिने उघडत नाही. (दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे एकशे चाळीस इंचांच्या घरात पाऊस होतो.) "मग त्या पान्याचं हुतं काय?" त्यांतल्या मोठ्या बाईने हंडा सावरत हात खाली केला. "जातं की समुद्रात. थांबतंय कुठं?"

जांभ्याची जमीन चाळणीसारखी, उतार उभा, खाली समुद्र. पावसाळ्यात पूर आणि चैत्रात हंडा. आमच्या बायका वीस इंचाच्या मुलखातून आलेल्या, त्या बायका एकशे चाळीस इंचाच्या मुलखातल्या. आणि डोक्यावरचे हंडे दोघींचे सारखेच. दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडे पाहून हसू लागल्या. आमच्यातल्या तिघी-चौघींनी ते हंडे घेऊन चढण चढून घरापर्यंत पोचवले, आणि त्या घरच्यांनी सगळ्यांना कोकमाचे सरबत दिले. पाण्याची टंचाई असलेल्या घरी अडतीस पेले सरबत! मला ओशाळल्यासारखे झाले. पण नको म्हणणे त्याहून वाईट दिसले असते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात कलमे पाहिली. पुरुषांच्या सहलीत लोक कलमांचा भाव विचारतात. इथे सगळ्याजणी अडल्या त्या डोंगरउतारावर खणलेल्या एका साध्या खड्ड्यापाशी. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून पावसाचे पाणी साठवायचे आणि आंबा-काजूच्या कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात तांब्या-तांब्याने द्यायचे. त्याला जलकुंड म्हणतात. आदल्या दिवशीचे हंडे पाहिले नसते तर या खड्ड्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते.

संध्याकाळी हर्णै. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, वाळूवर होड्या लागलेल्या, आणि मासळीचा लिलाव चालू. समुद्र पाहिल्यावर प्रत्येकीचे वेगळे झाले. कोणी लुगडे खोचून धावली, कोणी लांबूनच हात जोडले, एकीला भोवळ आली. काकींनी बोट बुडवून पाणी चाखले आणि थुंकल्या. "एवढं पानी, आन् खारट." मग त्या लिलावाच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हलेनात. आम्ही माळकरी माणसे, मासळीचा वास सोसत नाही, म्हणून मी लांब होतो. नंतर विचारले तेव्हा म्हणाल्या, "तितं बाया बोली बोलत्यात. पैसं बी बायांच्याच कनवटीला." आमच्याकडे भाजी तोडायची बाईने, जुडी बांधायची बाईने, आणि बाजारात भाव सांगायचा पुरुषाने. हे कोणी ठरवले आहे, याचा विचार मीही कधी केला नव्हता.

काकींनी तात्यांसाठी बाटलीत समुद्राचे पाणी आणले. मध्यरात्री गाडी गावात पोचली तेव्हा तात्या पारावर बसून होते. कंदिलासारखी बॅटरी पेटवून त्यांनी बाटलीतले पाणी तिथेच चाखले, तोंड वाकडे केले आणि पहिला प्रश्न विचारला, "जमीन कशी हाय तिकडची?" काकींनी पदराची गाठ सोडली. आत मूठभर लाल माती होती.

दोन वर्षांनी, २०१७ साली, आमच्या तालुक्यात गावोगाव पाण्यासाठी श्रमदानाची चळवळ उभी राहिली. आमच्या गावची ग्रामसभा नेहमीप्रमाणे रडगाण्याने सुरू झाली: पाऊसच नाही तर चर खणून काय उपयोग? बायकांच्या बाजूने काकी उठल्या. ग्रामसभेत त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, आवाज कापत होता. म्हणाल्या, "लई पावसाच्या गावाला जाऊन आले मी. तितल्या बाया बी चैतात हंडाच वाहत्यात. पाऊस लई पडून भागत न्हाई, त्यो थांबवावा लागतो. आपला थोडा हाय तर थांबवायला सोपा." आणि खाली बसल्या. मी त्या सभेत अर्धा तास बोललो होतो, तक्ते दाखवले होते. लोक टिकाव घेऊन निघाले ते काकींच्या या चार वाक्यांवर. २०१९ च्या पावसाळ्यानंतर आमचा ओढा संक्रांतीपर्यंत वाहता राहिला. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; पण पूर्वीच्या चांगल्या वर्षी तो दसऱ्यालाच कोरडा पडत असे.

काकी आता घेवड्याची पाटी घेऊन बाजाराला स्वतः जातात आणि भावही स्वतःच सांगतात. तात्या शेजारी तंबाखू मळत बसतात.

कोणी म्हणेल, साहेब, आता मोबाईलवर सारे जग दिसते. गाडीभाडे कशाला घालवायचे? मीही पाहतो मोबाईल. त्यात बागा फार सुंदर दिसतात. पण ती माझी २००४ ची सहलच आहे, त्याहूनही वेगाने पळणारी. तिच्यात बुंध्याशी बसून माती उकरता येत नाही, आणि धनी चहा पिता पिता जे बोलून जातो ते तर मुळीच ऐकू येत नाही.

तेव्हा जमेल तसे जा. फार लांब नको, शंभर मैलांवर आपल्याहून वेगळा पाऊस, वेगळी माती, वेगळे पीक असतेच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले आहे, त्याचा फायदा घ्या. एका दिवसात एकच शिवार पाहा. आपल्या रानाची माती पुरचुंडीत न्या. पीक किती आले हे शेवटी विचारा. आधी विचारा की कोणते वर्ष बुडाले आणि का. आणि घरधनीण भेटल्याशिवाय त्या घरून निघू नका, कारण पाणी कोण देते, खुरपते कोण आणि कर्ज फिटले का, हे तिला नेमके ठाऊक असते. यासाठी अर्थात आपल्या घरची बाई बरोबर हवी. तुम्हाला ती सांगणार नाही, हिला सांगेल.

येत्या हंगामानंतर आमची गाडी कडवंचीला न्यायचा विचार आहे. जालना जिल्ह्यातले हे गाव, कोरडवाहू. पाणलोटाचे काम आणि शेततळी यांच्या जोरावर त्यांनी द्राक्षे पिकवली. तीन दिवस, एकच गाव. यादी भरत आली आहे. या वेळी तात्या आणि काकी दोघांनाही बरोबर यायचे आहे, लग्नानंतर पंढरपूर सोडून दोघे मिळून कुठे गेलेले नाहीत म्हणे. दोन पुरचुंड्या आत्ताच बांधून कोनाड्यात ठेवल्या आहेत. म्हैस मात्र नुकतीच व्यालेली आहे, आणि जुनेर घेऊन धार काढायला शेजारचा कोणी अजून तयार झालेला नाही.